वीतभर वर

धक्क्यावर कंटेनरला कंटेनर म्हणणारा माणूस एक तर साहेब असतो, नाही तर पाहुणा. बाकी सगळे त्याला डबा म्हणतात. डबा उचलला, डबा अडकला, डबा बसला. आत कोणाचा फ्रिज असो, कोणाची खेळणी असोत, की एखादी अख्खी निवडणूक जिंकून देणारे टी-शर्ट असोत, डबा तो डबा. आणि हा डबा जहाजावरून उचलून ट्रेलरवर ठेवण्यात साऱ्या धक्क्यात ज्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, त्या क्रेनवाल्याचं खरं नाव लोक केव्हाच विसरले होते. त्याला अलगदराव म्हणत.

नाव चेष्टेतूनच पडलं होतं. दुसऱ्या क्रेनवाल्यांनी डबा ठेवला की ट्रेलरचा ड्रायव्हर जागच्या जागी उडे, मान बाहेर काढी आणि वर बघून क्रेनवाल्याच्या आईवडिलांची मोठ्याने चौकशी करी. अलगदरावाने ठेवलेला डबा बसला की नाही हे ड्रायव्हरला आरशात बघून ठरवावं लागे. एक ड्रायव्हर तर डबा बसल्यावरही घोरत राहिला होता. मागे ट्रेलरची रांग लागली, भोंगे वाजले, आणि त्या दिवसापासून अलगदरावाची कीर्ती धक्क्याच्या फाटकाबाहेर गेली.

या अलगदपणात एक गोम होती, आणि ती गोम साहेबांना ठाऊक नव्हती.

जहाजावर डबे एकावर एक रचतात तेव्हा ते हलू नयेत म्हणून कोपऱ्यांत लोखंडी कुलपं बसवतात. वरचा डबा उचलला की ही कुलपं त्याच्या बुडाला लटकत खाली येतात. ती काढल्याशिवाय डबा ट्रेलरवर बसवायचा नाही. म्हणून डबा ट्रेलरच्या वर, माणसाचे हात पोचतील अशा उंचीवर थांबतो. कुलूपवाले चारी कोपऱ्यांना धावतात, हात उंचावून कुलपं पिळतात, काढतात. सगळी निघाली की त्यांचा मुकादम खांबावरचं हिरवं बटण दाबतो आणि डबा खाली येतो. हा नियमातला थांबा.

दुसरा थांबा नियमात नव्हता. अलगदराव डबा खाली आणताना ट्रेलरच्या वीतभर वर एक श्वासभर रोखून धरी. डोलणारा डबा शांत व्हावा, एवढाच मूळ हेतू. पण कुलूपवाल्यांच्या एका टोळीने त्यातून आपली सोय काढली. चारातलं एखादं कुलूप हटकून गंजलेलं असतं आणि हात वर करून ते काही केल्या पिळलं जात नाही. डबा छातीशी आला की मात्र हातोडीच्या एका ठोक्यात निघतं. मग कोण त्या कुलपाशी झोंबत बसतो? बटण दाबून मोकळं व्हायचं, आणि अडेल कुलूप दुसऱ्या थांब्यावर काढायचं. असं करताना कोणी सापडला तर अख्ख्या टोळीला घरी बसवतील हे सगळ्यांना माहीत होतं. आणि सापडणार नाही हेही सगळ्यांना माहीत होतं, कारण वर अलगदराव होता.

त्या टोळीत अलगदरावाच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. त्याला सारा धक्का जावई म्हणे. क्रेनचा जावई. वास्तविक दोघांची दोस्ती लग्नाच्या आधीची, अरे-तुरेची. अलगदरावानेच त्याचं स्थळ घरी नेलं होतं. "पोरगा कसा आहे?" असं आईने विचारल्यावर "आळशी आहे, पण हाताला चपळ आहे," एवढीच शिफारस केली होती. ती दोन्ही अंगांनी खरी ठरली. अवघड कुलूप नेहमी जावयाच्या वाट्याला यायचं. डबा खाली येऊ लागला की तो आधी वर क्रेनच्या काचेच्या खोलीकडे बघून हात उंचावायचा, मग हातोडी घ्यायचा. हा त्याचा रामराम.

मग सुधारणा आली. सुधारणा नेहमी येते तशीच आली, म्हणजे आधी चहापान झालं.

साहेबांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. यापुढे क्रेनवर कोणी चढायचं नाही. गार हवेच्या खोलीत, खुर्चीवर बसून पडद्यावर बघत काम. उंटावरून शेळ्या हाकणं अलगदरावाने जन्मभर केलंच होतं, आता उंटही काढून घेतला. खुर्च्या मात्र क्रेनपेक्षा कमी निघाल्या. ज्यांना खुर्ची मिळाली नाही त्यांचा सत्कार झाला आणि प्रत्येकाला भिंतीवरचं एकेक घड्याळ मिळालं. दिवस कसा घालवायचा हाच ज्यांच्यापुढे प्रश्न, त्यांना घड्याळ द्यायचं हे कोणाला सुचलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

अलगदरावाला खुर्ची मिळाली, कारण यंत्राला शिकवायला त्याचा हात निवडला होता. कित्येक महिने त्याच्या हातातल्या दांड्याची हालचाल न हालचाल टिपून घेतली गेली. "तुमचा हात अमर होणार आहे," साहेब म्हणाले. अमर हा शब्द अलगदरावाने आजवर फक्त वारलेल्या पुढाऱ्यांच्या फलकांवर वाचला होता. तरी त्याला बरं वाटलं. माणूस आहे, कौतुकाने चार बोटं वर चालायचाच.

शिष्य हुशार निघाला. पुढे पुढे खुर्चीसमोरचा दांडा नुसता शोभेला उरला आणि एके दिवशी सुतार येऊन तोही काढून गेला. आता समोर चार क्रेनचे चार पडदे आणि हाताशी एक लाल बटण. क्रेन आपोआप चालत. काही वावगं दिसलं तर बटण दाबायचं, नाही तर दिसेपर्यंत बघत राहायचं. घरात शिकवणीला ठेवलेल्या मास्तरला मुलगा पास झाल्यावर राखणीला बसवावं, तशातली गत.

ही गोष्ट अलगदरावाने घरी सांगितली नाही. बायको शेजारणीला सांगे, "हे आता बसल्या जागेवरून क्रेन चालवतात. एसीत!" तो ऐके आणि वर्तमानपत्र उघडे. हो म्हणायची वेळ आली नाही, आणि नाही म्हणायची त्याने येऊ दिली नाही.

एके सकाळी इंजिनिअरबाई त्याच्या खुर्चीशी आल्या. पाठोपाठ साहेब. बाई वयाने लहान, बोलायला गोड, आणि विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही असा त्यांचा चांगला स्वभाव. तो चांगला स्वभावच नडला असं पुढे अलगदरावाला वाटे. न विचारता बदललं असतं तर पाप त्यांच्या माथी गेलं असतं.

"काका, एक विचारायचं होतं," बाईंनी पडद्यावर एक वळणदार रेघ दाखवली. "हे बघा, डबा खाली येतो. आणि इथं, ट्रेलरच्या अगदी वर, तुम्ही दर वेळी थांबायचात. मशीनही तुमचं बघून थांबतं. हे कशासाठी?"

"डबा डोलतो ना. शांत होतो तेवढ्यात."

"मशीन तो वरच शांत करतं, काका. त्यासाठी आता थांबायला नको. आणखी काही कारण आहे का? असलं तर ठेवते मी."

साहेब हसून म्हणाले, "सांगा, सांगा. तुमच्या शिष्याचा प्रश्न आहे."

कारण होतं. खाली माणूस असतो, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, बटण दाबल्यावर माणूस तिथे कसा? मग टोळी जाणार. टोळीत जावई, म्हणजे बहिणीच्या घरची चूल. आणि इतकी वर्षं वरून सगळं बघून गप्प बसलेला कोण, हा तिसरा प्रश्न. त्याचं उत्तर तर खुर्चीवर बसलेलंच होतं. अलगदरावाने मनाशी झटकन हिशेब केला. इथे गप्प बसावं आणि जावयाला घरी सांगून टाकावं. घरच्या घरी. बोलायला काय लागतं?

"नाही," तो म्हणाला. "सवय आहे नुसती."

"मग काढू?"

"काढा की."

बाई आभार मानून गेल्या. पंधरा दिवसांनंतर डबा वीतभर वर थांबणार नव्हता. साहेबांनी अलगदरावाच्या खांद्यावर थाप मारली. त्याला ती ट्रेलरवर आपटलेल्या डब्यासारखी वाटली.

रविवारी तो बहिणीकडे जेवायला गेला. सांगायचं हे ठरवूनच गेला. बहिणीने रस्सा केला होता. जावई बनियनवर बसला होता, आणि खुशीत होता.

"दादा, तुझे गुडघे काय म्हणतात?" बहिणीने विचारलं. "जिना चढणं सुटलं म्हणून बरं असेल नाही?"

"गुडघे बरे आहेत. बाकीचं दुखतं."

"अगं, तुला गंमत सांगतो," जावई म्हणाला. "परवा आमच्यात पैज लागली. पोरं म्हणाली, क्रेन आता आपोआप चालते. मी म्हटलं, चल! डबा खाली येताना बघ. जरासा डावीकडे लचकतो, मग सावरतो. हा दादाचा हात आहे, मी झोपेत ओळखीन. आपोआप चालणाऱ्या वस्तूला कंबर कुठून येणार?"

बहीण हसली. अलगदरावही हसला, आणि हसल्याबद्दल स्वतःच्याच तोंडात मारावीशी वाटली. आतून कुठेतरी गुदगुल्या झाल्या होत्या, त्याला काय करणार! आपली कंबर यंत्राने उचलली हे आज पहिल्यांदा कोणीतरी, नकळत का होईना, मोठ्याने सांगितलं होतं.

"हे बघ," तो घास चिवडत म्हणाला. "आता जरा जपून. बटण दाबलं की हात काढत जा."

"का रे? साहेब झालास वाटतं?"

"तसं नाही. खुर्चीवरून कधी कधी नीट दिसत नाही."

"तुला? समुद्रात कोणी थुंकलं तर वरून नाव सांगायचास! डोळे तपासून घे लेका."

"एवढा सांगतोय तर ऐकावं की," बहीण म्हणाली.

"अगं, वर हा असताना मी भ्यायला लागलो तर नरकातसुद्धा जागा मिळायची नाही. वाढ त्याला."

खुर्चीवरूनही डबा मी चालवत नाही, वर कोणीच नसतं. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ताटात रस्सा पडला. अलगदरावाने तोंडातला घास आणि तोंडातलं वाक्य, दोन्ही एकदम गिळली. पुढच्या वेळी, असं त्याने ठरवलं. आठवडा आहे हातात. परतताना बहिणीने डबा भरून दिला. डबा या शब्दाचं त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच दडपण आलं.

आठवडा कसा गेला ते कळलं नाही. रोज फोन उचलला, रोज काहीतरी निघालं. एकदा बायको शेजारी होती, एकदा जावयाने फोन उचलताच दुसऱ्याच गप्पा काढल्या. खरं सांगायचं तर फोनवर "मी क्रेन चालवत नाही" हे वाक्य म्हणून बघायला अलगदराव एकदा गच्चीवर गेला होता. एकट्यालासुद्धा ते नीट म्हणता आलं नाही.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. त्या पाळीला जावयाची टोळी नव्हती. दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, धक्क्यावर ऊन मी म्हणत असताना, तिसऱ्या पडद्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळलेलं पिवळं हेल्मेट दिसलं. जावयाचं.

डबा वरच्या थांब्यावर थांबला. माणसं कोपऱ्यांना धावली. तीन कुलपं निघाली. चौथं निघेना. जावयाने ते दोनदा पिळलं, मग एखाद्या हट्टी म्हशीला थोपटावं तसं थोपटलं आणि मुकादमाला हाताने खूण केली, दाब. मुकादमाने हिरवं बटण दाबलं. जावयाने वर बघितलं, क्रेनच्या काचेच्या खोलीकडे, जिथे आता माणसाऐवजी नुसता कॅमेरा होता, आणि सवयीने हात उंचावून रामराम केला. मग उजव्या हातात हातोडी घेतली आणि डावा हात कुलपाला लावला.

डबा निघाला. जरासा डावीकडे लचकला. सावरला. अलगदरावाचं बोट लाल बटणावर होतं. नुसतं दाबायचं होतं. पण त्याच्या हाडांत भिनलेला तो थांबा कोणा इंजिनिअरबाईंनी काढलेला नव्हता. हात म्हणाला, आता थांबेल. वीतभर वर थांबेल. आपलाच तर हात आहे. पडद्यासमोरचा माणूस आणि पडद्यातला माणूस, दोघेही त्या एका श्वासाची वाट बघत राहिले.

डबा थांबला नाही. बसला. अलगद.

मग त्याने बटण दाबलं. आणि लाल बटण दाबलं की क्रेन असेल तिथे थिजते. सुरक्षेसाठी. पुन्हा हलवायची तर साहेबांची परवानगी लागते. साहेब जेवायला गेले होते. तेवढा वेळ डबा होता तिथेच राहिला, आणि त्याच्याखाली जावयाची बोटं. पडद्याला आवाज नव्हता. जावई कोपऱ्याशी वाकून उभा होता आणि मान वर करून काचेच्या खोलीकडे बघत होता. रागाने नव्हे. दार वाजवल्यावर आतून कोणी ओ का देत नाही, असं माणूस बघतो तसं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बहीण भेटली. तिने त्याचा हात घट्ट धरला.

"दादा, तू त्या दिवशी बजावून सांगत होतास रे. मी यांना म्हटलं, ऐका. ऐकतात कोणाचं?" ती रडायला लागली. "तू वाईट वाटून घेऊ नकोस."

अलगदरावाने हात सोडवून घेतला. तिची समजूत काढायला गेला असता तर तिनेच त्याची काढली असती.

आत जावई उशीला टेकून बसला होता. बँडेजमध्ये हात बंद मुठीसारखा दिसत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. उघडल्यावर अंगठा आणि करंगळी निघणार होती, हे दोघांनाही डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"ये," जावई म्हणाला. "चौकशीवाले येऊन गेले. मी सांगितलं, माझाच हात घसरला. तुझं नाव काढलं नाही. खुर्ची सांभाळ."

"अरे—"

"ऐक आधी. एवढंच सांग मला. थांबला का नाहीस?"

"मी नव्हतो."

"चल! तुझा हात मी ओळखत नाही?"

"हात माझाच. मी नव्हतो." आणि मग त्याने सगळं सांगितलं. गच्चीवर एकट्याला म्हणता न आलेलं वाक्य इथे औषधाच्या वासात सरळ बाहेर पडलं. यंत्र, दांडा, सुतार, लाल बटण. सांगताना तो बँडेजकडेच बघत होता.

जावयाने उशीवरून पाठ उचलली. "म्हणजे वर कोणीच नव्हतं?"

"नाही."

"मी हात केला तो?"

"पडद्यात बघितला मी."

"आणि थांबायचं बंद झालं, ते तुला कधी कळलं?"

अलगदरावाने चादरीची सुरकुती सरळ केली.

"जेवायला आला होतास त्या दिवशी माहीत होतं?"

"हो."

जावयाने मान वळवली आणि खिडकीकडे बघू लागला. खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत होती, तीत बघण्यासारखं काही नव्हतं. बहीण दारातून डोकावली. "दादा, चहा आणू? तुम्ही घेणार का हो?"

"त्याला दे," जावई म्हणाला. "मला नको."

चौकशी समितीपुढे अलगदरावाने काही हातचं राखलं नाही. दुसरा थांबा कशासाठी होता, माणसं खाली काय करत, आपण बाईंना काय खोटं सांगितलं, सगळं. जावयाने घेतलेला दोष त्याच्या डोक्यावरून उतरावा, एवढाच हेतू. समितीला त्याचा प्रामाणिकपणा फार आवडला. अध्यक्षांनी तसं बोलूनही दाखवलं. मग दोन निर्णय झाले. एक, सुरक्षेच्या दृष्टीने दुसरा थांबा ताबडतोब परत बसवावा. दोन, कुलूपवाले नियम मोडत असल्याचं निष्पन्न झाल्यामुळे त्यांना कामावरून कमी करून कुलपं काढायला यंत्र आणावं. ज्या भीतीपोटी तो खोटं बोलला होता, ती खरं बोलल्यावर सुखरूप घरी पोचली. खुर्ची मात्र कोणी काढली नाही. प्रामाणिक माणसं दुर्मिळ असतात.

मुकादम रस्त्यात दिसला की आता दुकानांच्या पाट्या वाचू लागे. बहिणीकडचं रविवारचं बोलावणं बंद झालं नव्हतं, नुसतं आलं नाही. तिला नवऱ्याने सांगितलं की तिचं तिला कळलं, हे विचारायची अलगदरावाची छाती झाली नाही. एकदा त्याने फोन केला. "हं," ती म्हणाली. "हं. बरं आहे. हं." ठेवताना दादा म्हणाली नाही.

धक्क्यावर आता डबा यंत्राच्या चौकटीवर टेकतो, चारी कुलपं एका झटक्यात निघतात, गंजलेलीसुद्धा. मग डबा ट्रेलरवर येतो. ट्रेलरलाही ड्रायव्हर उरलेला नाही. डबा जरासा डावीकडे लचकतो, सावरतो, आणि ट्रेलरच्या वीतभर वर एक श्वासभर थांबतो. दिवसभर. चारी पडद्यांवर. अलगदराव खुर्चीत बसून ते बघतो, आणि दर वेळी डबा थांबला की त्याचाही श्वास अडकतो.

इंजिनिअरबाई परत आल्या. या वेळी साहेब नव्हते. त्यांनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत.

"काका, तुम्हाला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही," त्यांचा आवाज उतरलेला होता. "हा थांबा. वेळ जातो म्हणून वरून विचारणा आली आहे. आता काही कारण आहे का?"

अलगदरावाने तिसऱ्या पडद्याकडे बघितलं. "खाली माणूस असतो," तो म्हणाला.

बाईंनी मान खाली घातली. "आता नसतो, काका."

"हो," तो म्हणाला. "नसतो."

दुपारनंतर पहिला डबा न थांबता खाली आला. अलगदरावाने श्वास रोखून धरला होता, तो सोडायचा कधी हे त्याला कळेना. डबा अलगद बसला.